खंडेनवमीला फोडलेलं फ्रीव्हील

तुटलेली चेन दोन्ही हातांत धरून कमळ माझ्या दारात उभी राहिली. मारलेला साप दाखवायला आणावा तशी. सायकल तिनं बाहेर लिंबाला टेकवली होती.

“नाना, एवढी जोडून द्या.”

“आज काय हाय, ठावं हाय न्हवं?”

“खंडेनवमी. म्हणून तर तुमच्याकडं आले. बाकी समद्यांनी हत्यारं पूजेला मांडल्यात. तुमची तेवढी मोकळी.”

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं हत्यारांची पूजा असते. ज्याचं पोट ज्या हत्यारावर, त्यानं ते धुवायचं, पुसायचं, हळदकुंकू लावून देवापुढं मांडायचं. सुताराची करवत, गवंड्याची थापी, मेकॅनिकचे पाने. एकदा मांडलं की दसरा झाल्याशिवाय उचलायचं नाही. घरातली विळीसुद्धा मांडतात, म्हणून भाजी आदल्या दिवशीच चिरून ठेवतात. माझी घरची तर अडकित्ताही मांडायची. एकदा मी सुपारी फोडायला म्हणून तो उचलला, तर म्हणाली, “दातानं फोडा.” तेव्हा दात होते.

घरची यंदा चैत्रात वारली. सुतक तेरा दिवसांत फिटतं, पण सणाला वर्ष जावं लागतं. त्यामुळं घरात घट बसले नाहीत आणि हत्यारंही मांडली नाहीत. पोत्यात भरून बाजेखाली पडली होती. धुतलीसुद्धा नव्हती. साऱ्या गावात त्या दिवशी हात लावता येईल असे पाने एकाच घरात होते, आणि ते कशामुळं मोकळे आहेत ते कमळनं तोंडावर सांगितलं. मला राग आला नाही. खरं होतं.

मी हयातभर दहिवडीत सायकलीचं दुकान चालवलं. शाळा चौथीपर्यंत. गुडघे गेल्यावर दुकान भाच्याला दिलं, पोपटला. आता तिथं सायकली कमी आणि मोटरसायकली जास्त.

कमळ चाळिशीतली बाई. गावाबाहेर माळावर वस्ती आहे, तिथं एकटी राहते. सासू होती ती गेली. पोरगी फलटणला दिली. नवरा शंकर मुंबईत बाजारात ओझी उचलतो. आमच्याकडचे निम्मे गडी मुंबईतच असतात. शंकरचं म्हणणं, एकट्या बाईनं माळावर काय राहायचं, चल तिकडं. तिकडं म्हणजे एक खोली. खोलीत त्याचा भाऊ, भावजय आणि त्यांची पोरं. कमळला जायचं नव्हतं. ती म्हणाली, बाजरीच्या जागी झेंडू लावते, दसऱ्याला सगळा विकून दाखवला तर मी इथंच राहणार. शंकर म्हणाला, दाखव.

आता झेंडू तयार होता. झेंडूचं असं असतं, दसऱ्याच्या दुपारपर्यंत लोक हातातनं ओढून घेतात. दुपार टळली की शेळीही तोंड लावत नाही.

मोठ्या बागायतदारांचे टेम्पो कधीच पुण्या-मुंबईला गेले होते. कमळचा माल टेम्पोपुरता नव्हता. तिची रीत वेगळी. काळी जेन्ट्स सायकल, मागं दणकट कॅरियर, दोन्ही अंगाला पोती, आणि जिथं फूलवाला फिरकत नाही अशा वाड्यावस्त्यांवर दारोदार फेरी. गावात सकाळी थोडा विकला होता. खरा माल दसऱ्याच्या पहाटे माळावरच्या वस्त्यांवर न्यायचा होता. मोटरसायकल तिला येत नाही. ज्यांना येते त्यांनी ती धुऊन पूजेसाठी उभी केली होती. म्हणजे सगळं त्या काळ्या सायकलीवर होतं आणि सायकलीची चेन तिच्या हातात होती.

मी चेन घेऊन बघितली.

“ही जोडून उपयोग न्हाई. म्हातारी झालीया.”

“तुमच्यापरास?”

“माझ्यापरास लय.”

लोक म्हणतात, चेन लांबली. लोखंड काही लांबत नाही. चेनीच्या प्रत्येक कडीत एक पिन असते. ती फिरून फिरून झिजते, भोक मोठं होतं. एका कडीला केसाएवढी ढील पडते. पण कड्या शंभरावर असतात. सगळी ढील एका जागी धरली की चेन बोटभर जास्त भरते. तुम्हाला घरी बघायचं असेल तर सोपं आहे. पायडलापाशी जे मोठं दातेरी चक्र असतं, त्याच्या अगदी पुढच्या टोकाला चेन चिमटीत धरा आणि पुढं ओढा. दाताला चिकटून राहिली तर बरी आहे. उचलून खालचा दात दिसायला लागला तर गेली. कमळची चेन मी चक्रावर पांघरून ओढली, तर दाताखालची फट दिसली आणि फटीतनं लिंब दिसला. चेनीत जुने जोडही होते. त्यातला एक माझाच.

माझ्या ट्रंकेत दुकान देतेवेळचा थोडा माल शिल्लक होता. तेलकट कागदात गुंडाळलेली एक नवी चेन आणि एक नवं फ्रीव्हील. फ्रीव्हील म्हणजे मागच्या चाकाच्या मध्यावर बसलेलं लहान दातेरी चक्र. पायडल थांबवलं तरी चाक फिरत राहतं आणि टिकटिक आवाज येतो. तो आवाज फ्रीव्हीलच्या पोटातल्या दोन लोखंडी जिभांचा. आम्ही त्यांना कुत्री म्हणतो. पायडल पुढं मारलं की कुत्री चावून धरतात, थांबवलं की सोडतात.

“फ्रीव्हील बी बदलाय लागंल,” मी म्हटलं.

“तुटली चेन. फ्रीव्हील कुठं तुटलंय?”

“दोघं एकमेकांसंगं झिजल्यात. ती लांबली तसं ह्याचं दात वाकलं. जुनी चेन त्या दातांवर बरोबर बसत हुती. नवी न्हाई बसायची.”

“माणसावाणीच म्हणा की.”

“मी सायकलीचं बोलतोय.”

तिनं उतरवून ठेवलेल्या पोत्यांकडं बघितलं. मग म्हणाली, “आवं नाना, फुलांची तोड अजून व्हायचीय. तेवढी चेन घाला. फ्रीव्हीलचं दिवाळीला बघू.”

आमच्याकडं ही रीतच आहे. तुटलं तेवढं बदलायचं. झिजलं ते तुटेपर्यंत वापरायचं. मी हट्ट धरला नाही, त्याला कारण होतं. फ्रीव्हील काढायला एक खास चावी लागते. तिला दोन दात असतात, ते फ्रीव्हीलच्या खाचेत बसतात. माझी ती चावी दुकानाबरोबर पोपटकडं गेली होती.

नवी चेन घातली. जास्तीच्या कड्या पंचानं, म्हणजे बोथट पोलादी खिळ्यानं, पिन ठोकून कमी केल्या. जोडाला लॉक लावलं. लॉक ही एक छोटी पट्टी असते, तिचं एक तोंड बंद आणि एक उघडं. बंद तोंड चेन जिकडं पळते तिकडं ठेवायचं. उलटं लावलं तर एखादं झुडूप अडकून निसटतं. मागचं चाक ओढून चेन ताणली. मधोमध बोटानं दाबली तर अर्धा इंच खालीवर व्हावी, इतकीच.

“झालं?” कमळ म्हणाली.

“रिकामी चालवून कळत न्हाई. पोती बांध. टाकीच्या चढाला जाऊन ये.”

तिनं सकाळी उरलेल्या फुलांची दोन पोती बांधली आणि निघाली. पाण्याच्या टाकीचा चढ माझ्या ओट्यावरनं दिसतो. अर्ध्या चढाला तिनं उभं राहून पायडलावर भार दिला आणि खटाक्‌ आवाज आला. मग परत खटाक्‌. तिसऱ्याला ती गुडघ्यावर आणि एक पोतं रस्त्यावर. झेंडू उतारानं गडगडत खाली आला. माझ्या दारापर्यंत आला.

शेजारची तानाक्का तिच्या उंबऱ्यात बसून हे सगळं बघत होती. तानाक्का माझ्याएवढीच. घरची असताना दोघींचं रोज एकदा भांडण व्हायचं. आता तिला कोणी नाही, म्हणून माझ्याशी करते.

“म्हटलंच हुतं मी,” तानाक्का म्हणाली. तिनं तोवर काहीच म्हटलं नव्हतं. “नवमीला पाना उचलला की असंच हुतंय. आन्‌ त्यात दुःखाच्या घरातनं. देवाची फुलं ह्या सायकलीवरनं नेणार व्हय गं? लोक घेतील का?”

कमळ लंगडत फुलं वेचत होती. मान वर न करता म्हणाली, “फुलं काय सायकलीला इचारून उगवल्यात व्हय, आक्का?”

“तोंड लय हाय तुला.”

“तोंडावरच तर इकते मी.”

मी सायकल उलटी करून बघितलं. फ्रीव्हीलचे दात वाघनखासारखे एका अंगाला वाकलेले. नवी चेन त्यांच्यावर चढत होती, पण भार आला की शेंड्यावरनं उडी मारत होती. चेन नवी होती, तिची चूक नव्हती. पण ही सायकल अशी माळावर नेली असती, तर चेनीनं आणखी कुठं तरी दगा दिला असता आणि सगळा माल रस्त्यात सांडला असता.

“पोपटकडनं चावी आणतो,” मी म्हटलं.

दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. वाकून आत गेलो. पोपटनं पूजा जोरात मांडली होती. चादर अंथरून त्यावर जॅक, पाने, हवेचं मशीन, सगळं चकाचक. प्रत्येकाला कुंकू. उसाची कांडकी, नारळ, झेंडूचे हार. हार कमळकडनंच सकाळी घेतलेले. माझी चावी चादरीच्या कडेला होती. तिच्यावर एक फूल होतं.

“मामा, या. प्रसाद घ्या.”

“प्रसाद ऱ्हाऊ दे. फ्रीव्हीलची चावी दे. घटकाभरात आणून देतो.”

तो हसला. मग मी हसत नाही हे बघून थांबला.

“मामा, मांडलंय आता.”

“बघतोय की.”

“उद्या दसरा झाल्यावर मी सोता घिऊन येतो.”

“दसरा झाल्यावर कमळच्या झेंडूला कोण कुत्रं इचारत न्हाई.”

“मग आज सकाळी का न्हाई आली?”

“सकाळी चेन तुटली न्हवती.”

पोपट काही वाईट पोरगा नाही. वर्षभर देवाचं नाव घेत नाही, एका दिवसात सगळं भरून काढतो. मी खाली वाकलो. पुढं केलेला हात आणखी वीतभर लांबवला असता तर चावी आली असती. त्यानं माझा हात बघितला आणि हळू आवाजात म्हणाला, “मामा, घरात दुःख हाय. तुमी पूजेला शिवू नगा.”

मी हात मागं घेतला. बरोबर बोलला तो. मी असतो तर मीही हेच बोललो असतो. घरची असती तर आणखी मोठ्यानं बोलली असती.

परत आलो तेव्हा कमळनं चाक सोडवून ठेवलं होतं. नट एका वाटीत नीट ठेवले होते.

“दिली?”

“देवानं घेतलीया.”

ती खाली बसली. पहिल्यांदाच तिचं तोंड उतरलेलं दिसलं. “मंग मुंबईच,” ती म्हणाली. तिनं कोणाला सांगितलं नाही, चाकाला सांगितलं.

मी म्हटलं, “एक उपाय हाय. चावीबिगर निघतंय. पर फोडाय लागंल.”

फ्रीव्हील फोडणं म्हणजे काय ते सांगतो. त्याच्या तोंडावर एक झाकण असतं, त्याला दोन बारीक भोकं असतात. पंच भोकात तिरका लावून ठोकलं की झाकण सुटतं. झाकण निघालं की बाहेरचं दातेरी कडं हातात येतं आणि आतले छर्रे सांडतात. राहतो तो आतला गाभा, चाकाच्या हबवर, म्हणजे मधल्या नळीवर, आट्यांनी घट्ट बसलेला. तो व्हाईसमध्ये, म्हणजे लोखंडी जबड्यात, आवळून धरायचा आणि चाक फिरवून सोडवायचा. हे करताना जुनं फ्रीव्हील मरतं. त्याचं काही नाही, ते टाकायचंच होतं. पण गाभा सुटला नाही तर चाकही गेलं. आणि फ्रीव्हीलची खोड अशी की जेवढं पायडल मारावं तेवढं ते घट्ट बसत जातं. कमळनं त्या सायकलीला किती वर्षं पायडल मारलं होतं ते तिच्या पिंढऱ्यांवरनं दिसत होतं.

“ध्यानात घे,” मी म्हटलं. “आत्ता चेन उड्या मारतीया, पर ढकलत तरी नेशील. फोडल्यावर सुटलं न्हाई आन् वढताना आरं तुटलं, तर ढकलायला बी चाक ऱ्हाणार न्हाई.”

“ढकलत किती वस्त्या व्हतील?”

“एक. लय तर दोन.”

“दोन वस्त्यांत समदं जात न्हाई. फोडा.”

मला बारीक भोकं नीट दिसत नाहीत. म्हणून पंच तिनं धरला आणि हातोडा मी.

“नाना, बोट माझं हाय.”

“ठाव हाय.”

“नुसतं ठाव असून भागत न्हाई. बघून मारा.”

दोनचार घाव बसले तरी झाकण हललं नाही. कमळ म्हणाली, “उलटं ठोकताय तुमी. सुटाय डावीकडं फिरवाय पायजे.”

“जगातलं समदं डावीकडं सुटतंय. हे एक उजवीकडं.”

“कोण म्हणतंय?”

“ज्यानं केलंय तो. पुसून ये जा.”

पुढच्या घावाला झाकण हललं. उजवीकडंच. कडं सुटलं आणि छर्रे अंगणभर सांडले. कोंबड्यांना वाटलं दाणे टाकले, त्या धावल्या. एकीनं एक छर्रा गिळला. ती कोंबडी अजून आहे. कुत्री निघाली दोन, एकाची धार पार गेलेली. कमळनं ती तळहातावर घेऊन बघितली.

“एवढ्याएवढ्यावर मी चालत हुते?”

“एकाच कुत्र्यावर. दुसरं नुसतंच बसून हुतं.”

“आमच्या घरावाणी,” ती म्हणाली.

शंकर माझ्या ओळखीचा आहे.

व्हाईस माझ्या अंगणात बाभळीच्या ओंडक्याला ठोकलेला आहे. दुकान देताना पोपटला उपटता आला नाही, म्हणून राहिला. गाभा त्याच्या जबड्यात धरला, दांडा दाबून आवळला. आता चाक ओंडक्यावर आडवं झालं, ट्रकचं स्टिअरिंग असावं तसं. कमळनं दोन्ही हातांनी रीम धरली.

“आता डावीकडं?”

“आता डावीकडं.”

तिनं जोर लावला. ओंडका हलला, चाक नाही. मी आट्याच्या फटीत तेल सोडलं आणि म्हटलं, थांब, मुरू दे. चहा ठेवला. ती दोन घोट प्यायली आणि उठली. पुन्हा जोर. पुन्हा नाही. मीही रीम धरली. माझा जोर आता मोजण्यासारखा नाही. तिसऱ्यांदाही चाक जागचं हललं नाही. मी मनात म्हटलं, चाक घालवलं आपण पोरीचं. तोंडानं म्हटलं, “तेल अजून मुरलं न्हाई.”

तेवढ्यात तानाक्का पदर खोचत आली.

“सरका,” ती म्हणाली.

“आक्के, नवमी हाय. आन्‌ दुःखाचं घर. चालंल का तुला?”

“मी चाकाला शिवतीया. तुमच्या घराला न्हाई.”

तिघांनी रीम धरली. तानाक्का बारीक दिसते, पण जन्मभर पेंढ्या डोक्यावर वाहिलेली बाई आहे. तिनं “हुं” केलं, आम्ही ओढलं, आणि आतनं फटाका फुटल्यासारखा आवाज आला. मला वाटलं आरा तुटला. आरा नव्हता. चाक फिरत होतं. दोन वेढ्यांत गाभा मोकळा झाला.

तानाक्कानं हात पदराला पुसले. “नुसती चावी, चावी,” ती म्हणाली आणि घरी गेली.

पुढचं काम सोपं. हबचे आटे पुसले, ग्रीस लावलं. नवं फ्रीव्हील कमळच्या हातात दिलं आणि म्हटलं, तूच बसव. इथं पाना वापरायचा नाही. हातानं, हळू, सरळ. आटा तिरका धरला तर हब बाद होतो आणि मग कुणाचाच इलाज चालत नाही. हातानं जेवढं बसतं तेवढं पुरे. बाकीचं चढावर पायडल आवळतं. पुढचं मोठं चक्र मी बघितलं. दात झिजले होते, पण सरळ होते. मोठ्या चक्राला दात जास्त, म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला काम कमी. ते राहू दिलं.

चाक चढवताना मी नट तिच्याकडंच दिले. मागचं चाक दोन्हीकडनं सारखं ओढायचं असतं. एक बाजू जास्त ओढली की ते तिरकं बसतं. रीम मागच्या दोन्ही दांड्यांच्या बरोबर मधे दिसली पाहिजे. तिनं डोळा बारीक करून बघितलं, एक नट सैल केला, परत आवळला.

पोती बांधून ती पुन्हा टाकीच्या चढाला गेली. मी ओट्यावर, तानाक्का उंबऱ्यात. अर्ध्या चढाला ती पायडलावर उभी राहिली. आवाज आला नाही. वर पोचली, वळली, उतारानं खाली आली. फ्रीव्हील नवं असल्यानं टिकटिक मोठी येत होती.

“नाना, वस्तीवर कुणी इचारलं, सायकल कुठं दुरुस्त केली, तर काय सांगू?”

“फूलवालीला कोण सायकलीचं इचारत न्हाई.”

“आन्‌ इचारलं तर?”

“खरं सांग. घेणारा घेतोय.”

ती गेली. मी हत्यारं डिझेलनं पुसली. काम झालं की पुसायची असतात, म्हणून पुसली. पंच, हातोडा, पाने, सगळे ओळीनं फडक्यावर ठेवले. कुंकू लावलं नाही. ते काम माझं नव्हतं कधी. घटकाभर तसेच राहू दिले आणि मग पोत्यात भरले.

दसऱ्याला सकाळच्या एसटीनं शंकर आला. वस्तीवर गेला, तिथं कुलूप. म्हणून माझ्या ओट्यावर येऊन बसला. खिशातनं आपट्याचं पान काढलं, मग त्याच्या ध्यानात आलं, परत ठेवलं.

“कुठंवर गेली असंल?”

“वरच्या वस्त्यांवर.”

“चेन तुटली हुती म्हणं.”

“हुती.”

तो रस्त्याकडं बघत म्हणाला, “नाना, राग मानू नगा. तुमी काल ती सायकल दुरुस्त केली नसती तर बरं झालं असतं.”

“पोपटला भेट. त्यानं तुझ्यासाठी लय परयत्न केला.”

“तसं न्हवं. ती तिकडं एकटी, मी हिकडं... म्हंजी मी तिकडं, ती हिकडं. जेवण गोड लागत न्हाई.”

मी म्हटलं, “लागत न्हाई. तरी जेवाय लागतंय.”

दुपार कलायच्या आत ती दिसली. चालत नव्हती, चालवत होती. कॅरियरवर पोती होती, पण घडी घातलेली. तोंड उन्हानं लाल, केसांत पाकळ्या. तिनं नवऱ्याकडं बघितलं आणि सायकल लिंबाला टेकवली.

“समदी गेली?” शंकरनं विचारलं.

“एका वस्तीवर घेतली न्हाईत. म्हणाले, दुःखाच्या घरात दुरुस्त केल्याली सायकल हाय असं कळलं. तिथनं पुढं गेले. पुढच्या दोन वस्त्यांवर फूल पोचलंच न्हवतं. आंब्याच्या डहाळ्यावर तोरण भागवणार हुते. त्यांनी पोती रिकामी केली. दिवाळीला बी आण म्हणाले.”

“दिवाळीला?”

“व्हय. मागनं लावलेला झेंडू हाय की अजून. कळ्या धरल्यात.”

शंकरनं रिकामी पोती चाचपली. “मंग खोलीचं काय?”

“तुमी ऱ्हावा की. एक माणूस कमी, भावजयीला बरं. दिवाळीला या. चार दिस जास्त काढून या, तोडाय माणूस लागंल.”

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी कोंबड्यांकडं बघितलं. मग तो उठला आणि काहीतरी करायचं म्हणून सायकलीपाशी जाऊन चेन दाबून बघायला लागला.

“ढिली हाय, नाना. नवी घातलीया म्हणता ना?”

“पहिल्या फेरीत नवी चेन बसते. मागचं चाक जरा ओढायचं. बाजेखाली पोत्यात पाना हाय.”

नवी चेन टाकलीत की हे ध्यानात ठेवा. पहिल्या दमदार फेरीनंतर ती थोडी सैल पडते. बिघाड नसतो. चेन आणि फ्रीव्हील दोन्ही नवी असतील तर एकदा ताणून घेतली की लय दिवस बघावं लागत नाही. दुकानात जायची गरज नाही, घरी होतं. चिखलातनं आणली की पुसा आणि मग तेल द्या. आधी तेल देऊन मग पुसू नका.

शंकरनं नट सोडले, चाक मागं ओढलं आणि जोर लावून आवळलं. गडी ओझी उचलणारा, जोर भरपूर. त्यानं पायडल हातानं फिरवलं तर रीम एका दांडीला घासायला लागली. उजवी बाजू जास्त ओढली होती.

कमळ खाली बसली, त्याच्या हातातनं पाना घेतला, डोळा बारीक केला, उजवीकडचा नट सैल करून चाक मधोमध आणलं आणि दोन्हीकडनं आवळलं. चाक सरळ फिरलं. शंकर शेजारी उकिडवा बसून बघत होता.

“हे कवा शिकलीस?”

“काल,” ती म्हणाली. “चला. पोती धरा.”